सीमारेषेपर्यंतची वाट



फेब्रुवारी 1981. मेलबर्नची कसोटी. भारताचे कर्णधार सुनील गावसकर 70 धावांवर खेळत होते. त्या मालिकेत त्याआधीच्या पाच डावांत त्यांच्या धावा होत्या 0, 10, 23, 5 आणि 10. अखेर त्या दिवशी सूर गवसला होता. चेतन चौहान यांच्यासोबत 165 धावांची सलामी झाली होती. तेवढ्यात डेनिस लिलीचा चेंडू पॅडवर आदळला आणि पंच रेक्स व्हाइटहेड यांनी बोट वर केलं. पायचीत! चेंडू आधी बॅटला लागला, अशी गावसकरांची खात्री होती. पंचांना ऐकू जावं म्हणून त्यांनी बॅट पॅडवर आपटली. लिली पुढे येऊन त्यांच्या पॅडकडे बोट दाखवू लागला. गावसकर तंबूकडे निघाले, चौहानांना ओलांडून पुढेही गेले. आणि मग मागे फिरून त्यांनी चौहानांनाही बाहेर चलायला सांगितलं.

भारताचा कर्णधार सामना सोडून निघाला होता.

सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी आणि त्यांचे सहायक बापू नाडकर्णी आडवे आले. गावसकर तंबूत गेले, चौहानांना तिथूनच परत पाठवलं गेलं आणि दिलीप वेंगसरकर फलंदाजीला उतरले. शेवटच्या दिवशी मांडीचा स्नायू दुखावलेल्या कपिलदेवने 28 धावांत 5 बळी घेतले. 143 धावांचं लक्ष्य असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ 83 धावांत गारद झाला आणि भारताने मालिका बरोबरीत सोडवली. त्या सीमारेषेवर कोणी उभं नसतं, तर हा विजय आपल्या वाट्याला आला नसता.

बऱ्याच वर्षांनी गावसकरांनी याचा खुलासा केला. पायचीतचा राग होताच, पण तेवढ्यावर ते मागे फिरले नव्हते. चौहानांना ओलांडून पुढे गेले असताना ऑस्ट्रेलियाचे खेळाडू त्यांना काहीबाही बोलले, आणि तिथे तोल सुटला. त्या कृतीचा खेदही त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवला आहे. या खुलाशाकडे नीट बघा. निर्णय विरुद्ध गेला, तरी माणूस चालू लागला होता. ठिणगी पडली ती नंतरच्या एका शब्दाने. घराघरांत हेच घडतं. मार्क कमी पडलेले असतात, ते मुलगी कसंबसं पचवत असते. जेवताना कोणीतरी शेजारच्या मुलाचे मार्क सांगतं आणि ताट बाजूला सरकतं, दार आपटतं. आई म्हणते, ‘एवढंसं काय बोलले मी?’ ते दुपारपासून मनात साठत आलेलं असतं, हे आईला दिसलेलं नसतं.

आणि रागाची किंमत पुष्कळदा तिसराच माणूस चुकवतो. परत खेळपट्टीवर आलेले चौहान थोड्याच वेळात 85 धावांवर बाद झाले. पुण्याच्या वाडिया कॉलेजातून पुढे आलेला हा चिवट सलामीवीर 40 कसोटी खेळला, दोन हजारांवर धावा केल्या, पण शतक त्याच्या नावावर एकही लागलं नाही. त्या दिवशी ते झालंच असतं असं नाही. पण मधेच बाहेर काढून परत आत पाठवलेल्या फलंदाजाचं चित्त ठिकाणावर राहणं अवघडच.

त्या काळात राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष कोण होते? पॉली उम्रीगर. जन्म 28 मार्च 1926, गाव सोलापूर. कापडाच्या धंद्यातलं पारशी कुटुंब. आज इथे बसलेल्यांपैकी किती जणांना हा आपला माणूस ठाऊक आहे? रागाचा दुसरा नमुना याच माणसाने घालून दिला आहे. जानेवारी 1959 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध मद्रासची कसोटी होती आणि उम्रीगर कर्णधार होते. संघात कोणाला घ्यायचं यावरून मंडळाशी वाद झाला आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी कर्णधारपद सोडलं. अपमान झाला होता, राग खरा होता आणि तो त्यांनी गिळलाही नाही, थेट राजीनामा दिला. पण सकाळी ते पांढरे कपडे घालून मैदानात आले आणि विनू मांकड यांच्या नेतृत्वाखाली साधे खेळाडू म्हणून खेळले. पद सोडलं, संघ सोडला नाही. रागाला कुठवर जाऊ द्यायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं. हे धैर्य मेलबर्नच्या त्या तडफेपेक्षा मोठं आहे.

उदासीचंही तसंच. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे उम्रीगर कसोटीच्या सात डावांत मिळून फक्त 43 धावा करू शकले. चेंडू टाकायच्या आधीच ते मागे सरतात, अशी टवाळी झाली. त्या माणसाला रात्री झोप कशी लागली असेल! पण त्याच दौऱ्यात कौंटी आणि इतर सामन्यांत त्यांनी 1600 हून जास्त धावा काढल्या होत्या, तीन द्विशतकांसह. काही महिन्यांतच वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी पाच कसोटींत 560 धावा केल्या. 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223, कसोटीतलं पहिलं भारतीय द्विशतक. आणि 1959 मध्ये पुन्हा इंग्लंडला जाऊन मँचेस्टरला शतक.

उदास मन फक्त ते 43 वाचतं. ‘गणितात नापास झालो’ हे एका पेपरविषयी खरं असतं. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ हा मात्र आख्ख्या माणसावर दिलेला निकाल असतो, आणि त्याला पुरावा नसतो.

हा फरक शास्त्र म्हणून मांडला तो अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी, 1955 च्या सुमारास. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली एक समजूत बसलेली असते, असं ते सांगत. ‘माझ्याशी सगळ्यांनी नीटच वागलं पाहिजे’ या समजुतीतून संताप येतो. ‘मला यश मिळालंच पाहिजे’ यातून निराशा. त्या ‘च’ला प्रश्न विचारायचा, हा त्यांच्या उपचाराचा गाभा. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून हा विचार मराठीत रुजवला. ठाण्यात 1990 पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था याच दिशेने काम करते आहे. वाचनाची आवड असेल त्यांनी अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ हे पुस्तक जरूर वाचावं.

राग आला की छाती धडधडते, श्वास उथळ होतो, कान तापतात. हे शरीराचं काम आहे, त्याची लाज नको. तेव्हा उत्तर देऊ नका, मेसेज पाठवू नका. श्वास सावकाश सोडा, पाणी प्या, खोलीबाहेर एक फेरी मारा. मग वहीत दोन ओळी लिहा: काय झालं, आणि मी स्वतःशी काय म्हणालो. पहिल्या दिवशी जमणार नाही. नेटमध्ये रोज घाम गाळल्याशिवाय कव्हर ड्राइव्हही जमत नाही.

पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळली, झोप आणि भूक बिघडली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर वहीवर भागवायचं नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. क्रमांक 14416. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

शिक्षक आणि पालकांनो, दुराणी आणि बापू नाडकर्णी यांनी सीमारेषेवर गावसकरांना व्याख्यान दिलं नाही. ते वेळेवर तिथे उभे होते. मुख्याध्यापकांना एक विनंती आहे: 14416 हा आकडा उद्या सकाळी प्रत्येक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात रंगाने लिहून घ्या, पुसला जाणार नाही असा.