गोणी स्वस्त, जमीन उपाशी



ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचे दरनियंत्रण उठवले, युरियाचे ठेवले. २०१० मध्ये पोषक तत्त्वांवर अनुदान देण्याचे धोरण आले, त्यातूनही युरिया बाहेरच राहिला. म्हणून युरिया स्वस्त, डीएपी महाग. शेतात काय पडावे हे जमीन ठरवत नाही, दिल्ली ठरवते.

नुसत्या युरियाने पऱ्हाटी माजते, तुडतुडे वाढतात, बोंडे वाढत नाहीत.

आपली काळी जमीन चुनखडीची. वर फेकलेले स्फुरद चुना धरून ठेवतो, मुळाला मिळत नाही. ते पेरणीबरोबरच बियाण्याच्या खाली, बाजूला मातीत गाडा. डीएपी परवडत नसेल तर सुपर फॉस्फेट घ्या: स्फुरद १६ टक्के, वर गंधकही मिळते. उघड्यावर टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. ओल पाहून हप्त्याहप्त्याने द्या आणि लगेच डवऱ्याने मातीआड करा.

आपली मागणी एकच. अनुदान गोणीला नको, शेतकऱ्याच्या हाती द्या. खत कोणते घ्यायचे, ते आम्ही माती तपासून ठरवू!