सारखे काम, सारखी मजुरी

बहिणींनो, रोपवाटिकेत पिशव्या भरायला गड्याला एक मजुरी आणि बाईला कमी, असे कुठे कुठे चालते. काम तेच, तास तेच, मग पैसे कमी का? हा भेद १९७६ च्या कायद्याने बंद केला; २१ नोव्हेंबर २०२५ पासून तीच मनाई वेतन संहितेत आहे.

अर्ज सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत द्यायचा, चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला. कामाचे ठिकाण, तारखा, गड्याला किती मिळाले नि आपल्याला किती, एवढे लिहा. आम्ही म्हणतो, हजेरी रोज वहीत टिपा. ठेकेदाराच्या कागदावर नुसता अंगठा उठवू नका, आधी आकडा वाचा.

काम तुटायची भीती वाटते, ती काही खोटी नाही. म्हणून पाचजणी मिळून सह्या करा. अन् दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचे नाही.