रॉचेस्टरचा किल्ला : राजसत्तेकडून नगरसंस्थेकडे



इंग्लंडच्या केंट परगण्यात मेडवे नदीच्या काठी रॉचेस्टर हे शहर वसले आहे. कँटरबरीहून लंडनकडे जाणारा प्राचीन रोमन मार्ग येथेच नदी ओलांडतो. ज्याच्या ताब्यात हा पूल, त्याच्या हाती राजधानीची वाट, हे जाणूनच नॉर्मन राजवटीत येथे किल्ला उभा राहिला. ११२७ साली पहिल्या हेन्री राजाने तो कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या हवाली केला. आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल यांनी त्यात ११३ फूट उंचीचा चौकोनी दगडी मनोरा बांधला. त्याच्या भिंती पायथ्याशी सुमारे १२ फूट जाड आहेत.

१२१५ साली जॉन राजाने मॅग्ना कार्टा ही सनद मान्य केली. पण लवकरच ती पोपकडून रद्द ठरवून घेतली. सरदारांनी बंड पुकारून रॉचेस्टर घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये राजाने किल्ल्यास वेढा घातला. दगडफेकी यंत्रांचा मारा निष्फळ ठरला, तेव्हा मनोऱ्याच्या दक्षिण कोपऱ्याखाली भुयार खणण्यात आले. सुरुंगाची दारू तेथे अद्याप वापरात नव्हती. लाकडी टेकू देत पाया पोखरावयाचा आणि अखेरीस ते टेकू पेटवून द्यावयाचे, अशी रीत होती. त्यासाठी राजाने ४० लठ्ठ डुकरे मागविली. त्यांच्या चरबीने आग भडकली, टेकू जळाले व कोपरा ढासळला. तरीही आतील आडव्या भिंतीच्या आश्रयाने शिबंदी लढत राहिली. ३० नोव्हेंबर रोजी उपासमारीनेच तिला शरण आणले.

तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत पडलेला कोपरा पुन्हा उभारला गेला, तो मात्र गोल आकाराचा. मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी व एक वर्तुळाकार का, याचे उत्तर त्या वेढ्यात आहे.

पुढे किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले. तो खासगी मालकीत गेला. त्याचे लाकूड व दगड विकले गेले. हा अनुभव सह्याद्रीतील किल्ल्यांनाही अपरिचित नाही. रॉचेस्टरच्या नगरसंस्थेने मात्र १८७० साली किल्ल्याचे आवार भाडेपट्ट्याने घेऊन तेथे सार्वजनिक उद्यान केले आणि १८८४ साली किल्लाच विकत घेतला. आज मेडवे परिषद ही स्थानिक संस्था त्याची व्यवस्था पाहते.

राजे व धर्मगुरू यांनी उभारलेली ही वास्तू टिकली, ती नागरिकांच्या संस्थेने तिला आपली मानले म्हणून. गावाचा वारसा जपण्यास आरंभ गावानेच करावयाचा असतो, हाच या इतिहासाचा बोध होय.