आश्रय नाकारला, संसाराचे काय?

आश्रय मागणाऱ्यास राज्याने नकार दिला आणि पुढे त्याने विवाह केला, तर त्याने राहावे कोठे? आयर्लंडमधील चार दांपत्यांनी हा प्रश्न न्यायासनापुढे नेला. चारही पती युरोपीय संघाबाहेरचे. त्यांचे आश्रयाचे अर्ज फेटाळले गेलेले. पत्नी ब्रिटन, जर्मनी, पोलंड अशा तेव्हाच्या संघदेशांच्या नागरिक, आणि आयर्लंडमध्ये राहणाऱ्या. आयर्लंडच्या २००६ च्या नियमानुसार, पतीने आधी दुसऱ्या संघदेशात कायदेशीर वास्तव्य केलेले असणे आवश्यक होते. निकालापूर्वीच एका पतीची नायजेरियात रवानगीही झाली.

२५ जुलै २००८ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ती अट संघाच्या कायद्याशी विसंगत ठरविली. संघनागरिकाला अन्य संघदेशात जाऊन राहण्याचा हक्क आहे. पण तेथे संसारच थाटता येणार नसेल, तर तो जाईल कशाला? म्हणून विवाह केव्हा व कोठे झाला, हे गौण ठरले. केवळ परवान्यासाठी रचलेला विवाह नाकारण्याची मुभा राज्याला राहिलीच.

मात्र मायदेश कधीही न सोडलेल्या आयरिश पत्नीला या निकालाचा आधार नाही. तिचा पती देशाच्या स्वतःच्या कायद्यावर अवलंबून. परकीचा संसार सुरक्षित आणि घरच्या लेकीचा टांगणीला! आश्रयाच्या निवाड्यात माणसाच्या भयाचा विचार होतो. त्याच्या संसाराचा विचार वेगळा झाला पाहिजे, एवढे तरी या निकालाने दाखविले.