पेशवाईतला गंगाराम तांबट

पेशवाईतला पुण्याचा एक अव्वल चित्रकार आपण विसरलो: गंगाराम तांबट.

पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज राजदूत चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यानं तालमीतले पहिलवान रेखाटले, वेरूळची लेणी रेखाटली. १७९० मधला पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा तर पाहावाच! कातडीची घडीन् घडी त्यानं जिवंत केली आहे.

१८०३ मध्ये वेरूळची छापील चित्रं लंडनला निघाली, ती स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सच्या नावानं. गंगारामनं वेरूळला आधीच काम केलं होतं, तरी नाव वेल्सचं लागलं, याची मला फार हळहळ वाटते.

२०११ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयानं गंगारामची चित्रं प्रदर्शनात मांडली. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती आज घरबसल्या पाहता येतात.