पॅनेलच्या दारातला कागद



बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटचं काम करणाऱ्याला मध्यरात्रीचा फोन नवा नसतो. पावसाळ्यातली एक रात्र मात्र माझ्या चांगलीच लक्षात आहे. रिॲक्टरमध्ये बॅच अर्धवट आणि डोसिंगचा व्हॉल्व्ह काही केल्या उघडेना. कंट्रोल पॅनेल उघडलं. दाराच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची प्रिंट होती. कडा तेलकट बोटांनी काळवंडलेल्या, तारीख 2011 ची. तिच्यात लिहिलं होतं, कूलिंगचा पंप चालू असेल तरच डोसिंग सुरू होईल. पंप तर चालू होता. हात लावला की थरथर जाणवत होती.

मग वायर तपासली, रिले बदलला, इनपुट कार्डावर संशय घेतला. दोन तास गेले. शेवटी लॅपटॉप जोडला. प्रोग्रॅममधल्या कॉमेंटमध्येही ‘पंप चालू’ असंच होतं, पण पत्ता भलत्याच इनपुटचा! कधीतरी कुणीतरी पंपाच्या सिग्नलऐवजी पाइपातला फ्लो स्विच जोडून दिला होता. बदल योग्यच होता, कारण पंप फिरत असला तरी पाणी पुढे जातंय की नाही हे फ्लो स्विचच सांगतो. पण प्रिंट जुनी आणि कॉमेंटही जुनीच. स्विचच्या पात्याला गाळ बसला होता. तो पाच मिनिटांत निघाला.

प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनियर बाहेरचा असतो. प्लांट चालू झाला, बिल पास झालं की तो पुढच्या कामाला जातो. नंतर बदल होत राहतात, तेही घाईत, बॅच अडलेली असताना. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलचीही तीच गत. मॅन्युअल म्हणतं अमुक मेनू उघडा, आणि पडद्यावर तो मेनूच नसतो, कारण मॅन्युअल मागच्या आवृत्तीचं. कागद नसला तर माणूस स्वतः शोधतो. चुकीचा कागद हातात असला की तो त्यावर विश्वास ठेवतो, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

ही भीती पोकळ नाही. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन 15 माणसं गेली, 180 जखमी झाली. चौकशीत निघालेल्या अनेक कारणांत एक होतं, टॉवरमधली पातळी मोजणाऱ्या यंत्राचं कॅलिब्रेशन 1975 च्या जुन्या डेटाशीटवरून केलेलं होतं. टॉवर भरत चालला होता आणि कंट्रोल रूममध्ये पातळी उतरताना दिसत होती. तीस वर्षं जुना कागद! हे वाचलं त्या दिवशी मला आमचं पॅनेल आठवलं.

आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातली पहिली दोन युनिटं 1969 मध्ये सुरू झाली, प्रत्येकी 210 मेगावॉटची. पुढे त्यांची क्षमता 160 वर आणली. आकडा बदलला. अशा ठिकाणी जुन्या आकड्याचा एखादा तक्ता वापरात राहिला तर कसं चालेल? धोकादायक रसायनांच्या 1989 च्या नियमांनीही आपत्कालीन आराखडा अद्ययावत ठेवायला कारखानदाराला बांधून घातलंय. पॅनेलमधल्या प्रिंटकडेही त्याच नजरेनं पाहायला हवं. ज्यानं प्रोग्रॅम बदलला, त्यानंच त्याच शिफ्टमध्ये कागद बदलावा. वर्क ऑर्डर काढतानाच या कामाचे पैसे धरावेत.

त्या रात्रीनंतर मी पॅनेलच्या दाराला आतून एक कोरा कागद चिकटवला आणि सुतळीनं पेन बांधलं. तारीख, काय बदललं, का बदललं, सही. पहिले काही महिने माझ्याच सह्या होत्या. परवा सकाळी ड्यूटीवर आलो तर सेकंड शिफ्टच्या पोरानं लिहून ठेवलं होतं, ‘फ्लो स्विचचा डिले 5 सेकंदांवरून 8 केला, पाणी धडधडत येतं म्हणून.’ खाली तारीख आणि सही.