पांढऱ्या सापाचं मोल



ठाणे जिल्ह्यातल्या डोळखांबच्या बाजूला भातकापणी सुरू झाली की बांधाच्या बिळात नाहीतर भाऱ्याखाली साप दिसायचाच. धामण असली तर जाणती माणसं जाऊ देतात, उंदीर खाते म्हणून. पण निघालेला साप फिकट, पिवळसर-पांढरा असला तर? कुणी हळदकुंकू आणतं, कुणी मोबाईल काढतं आणि अलीकडे कुणीतरी हेही विचारतं, की याचे किती येतील? या शेवटच्या प्रश्नाबद्दल आज बोलायचं आहे.

साप पांढरा का होतो, हे आधी पाहू. मेलानिन हे काळं-तपकिरी रंगद्रव्य. ते तयार करणाऱ्या जनुकात बिघाड झाला की अंगावरचा काळा रंग जातो. लाल-पिवळी द्रव्यं सापात वेगळी असतात, ती मात्र राहतात. म्हणून असा साप दुधासारखा शुभ्र क्वचितच दिसतो, त्यावर पिवळी-केशरी झाक असते आणि डोळे लालसर असतात. हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं. एकाकडूनच आला तर पिल्लू चारचौघांसारखं दिसतं, पण तो पुढे वाहून नेतं. अशी वरून साधी दिसणारी नर-मादी एकत्र आली, तर त्यांच्या प्रत्येक पिल्लाला पांढरं होण्याची शक्यता चारात एक. गावठी कोंबड्यांच्या खुराड्यात रंगीत जोडीला मधेच एखादं पांढरं पिल्लू होतं, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत हे गणित सापांवर पडताळून पाहिलं ते डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी. ते त्वचारोगतज्ज्ञ होते. नॉर्थ कॅरोलायनात 1953 मध्ये सापडलेल्या कॉर्न स्नेक जातीच्या एका रंगहीन सापाच्या वंशातून त्यांनी पुढच्या पिढीत तशीच पिल्लं मिळवली आणि 1962 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. ही कुतूहलाची, विज्ञानाची गोष्ट होती आणि मला ती मनापासून आवडते. पुढे तिचा बाजार झाला. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, म्हणजे घाबरला की अंगाचा चेंडू करणारा छोटा अजगर, या बाजाराचा राजा ठरला. 1992 मध्ये बॉब क्लार्क यांनी त्याची रंगहीन पिल्लं पैदा केली आणि त्यानंतर एकेका रंगाच्या संकरातून हजारो प्रकार निघाले.

त्यातल्या एकाचं नाव स्पायडर. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी, दिसायला देखणा. पण त्याला भक्ष्य दाखवा. डोकं डुगडुगतं, मान पिळवटते, कधी तोंड उलटं आभाळाकडे होतं, झडप घालताना नेम चुकतो. या सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली असते, हे 2022 मध्ये स्कॅन करून दाखवण्यात आलं. नक्षी आणि हा बिघाड एकाच जनुकाबरोबर येतात, नक्षी ठेवून बिघाड काढता येत नाही. हे माहीत असूनही त्याची पैदास होत राहिली. मला हे अमानुष वाटतं.

हा बाजार आपल्यापासून फार लांब नाही. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. बॉल पायथनसारखा परदेशी प्राणी बाळगायचा तर आता सरकारकडे नोंद करावी लागते, त्याचे नियम 2024 मध्ये आले. आपल्या रानातला साप मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडून पाळणं, विकणं गुन्हा आहे, मग त्याचा रंग कोणताही असो.

तरीही ठाणे जिल्ह्यात मांडूळ विकताना माणसं पकडली जातात. मांडूळ म्हणजे आपला दुतोंड्या, बिनविषारी, मातीत राहून उंदीर खाणारा. गुप्तधन शोधून देतो म्हणतात, वजनावर भाव लावतात. दुसरं तोंड खरं वाटावं म्हणून शेपटीवर चटके देऊन डोळे-तोंड उमटवणारेही आहेत. गुप्तधन कुणालाच मिळत नाही. गावातला एखादा पोरगा मात्र चार पैशांच्या आशेने तुरुंगात जातो आणि शेतातले उंदीर वाढतात.

पांढरा साप रानात आधीच अडचणीत असतो. पाचोळ्यात लपायला त्याच्याकडे रंग नाही, सर्पगरुडाला तो वरून लगेच दिसतो. त्यात आपण पोत्यात भरला तर संपलंच. आणि एक नीट लक्षात ठेवा. पांढऱ्या नागाचं विष काळ्या नागाइतकंच जहाल असतं, देवाचा म्हणून तो चावायचा थांबत नाही. असा साप दिसला तर पोरं आणि कुत्री लांब ठेवा, त्याला वाट द्या. घरात शिरला असेल तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आणि गावात कुणी "सापाला गिऱ्हाईक आहे" म्हणत आलं, तर तेही याच क्रमांकावर कळवा.